तोफा कोणाच्या, राज्य कोणाचे?

(तेर येथील कार्यकर्ता शिबिरातील भाषण)

लहान राष्ट्राने आपला तोफखाना आणि रणगाडे अद्ययावत केले की ते निर्धास्त झाले, असा समज हल्ली फार रूढ झाला आहे. त्यासाठी आर्मेनियाचा दाखला देतात. २०२० साली अझरबैजानशी झालेल्या ४४ दिवसांच्या युद्धात त्या देशाच्या तोफा आणि रणगाडे ड्रोन विमानांनी टिपून काढले. पुढे तो शस्त्रांसाठी भारताकडे वळला. पुण्यात पाषाणच्या सरकारी प्रयोगशाळेत जिचा आराखडा झाला, ती पिनाक अग्निबाण प्रणाली त्याने घेतली. पुण्याच्याच एका उद्योगसमूहाच्या १५५ मिलिमीटरच्या तोफाही घेतल्या. मार खाल्लेल्या राष्ट्राने पुन्हा सज्ज व्हावे, यात गैर काही नाही. पण केवळ आयुधे राज्याला तारतात काय?

याचे उत्तर शोधायला तेरकरांनी फार दूर जाण्याचे कारण नाही. हे गाव ज्या हैदराबाद संस्थानात होते, त्याला स्वतःचे चलन होते, रेल्वे होती, वीस हजारांहून अधिक फौज होती. स्वतंत्र राष्ट्र म्हणून मिरवण्याची निजामाची आकांक्षा होती. फौजेची शस्त्रे मात्र अपुरी होती. १९४८ साली सिडनी कॉटन या ऑस्ट्रेलियन वैमानिकाने कराचीहून रात्रीच्या अंधारात विमाने भरभरून शस्त्रे आणली. त्याच सप्टेंबरात दहा लाख पौंडांहून अधिक रक्कम लंडनमध्ये पाकिस्तानच्या उच्चायुक्तांच्या खात्यावर गेली. ती शस्त्रांची किंमत होती, असा दावा पाकिस्तानने पुढे केला. इंग्लंडच्या न्यायालयाने तो २०१९ साली फेटाळला.

परिणाम काय झाला? १३ सप्टेंबर १९४८ रोजी सोलापूरकडून भारतीय फौज आत शिरली. आपल्याच जिल्ह्यातील नळदुर्गचा बोरी नदीवरील पूल तिच्या हाती आला आणि त्याच दिवशी तिची आघाडी उमरग्याला पोचली. १७ तारखेस निजामाने शरणागती जाहीर केली. भारतीय सैन्य कितीतरी बलाढ्य होते, हे खरे. परंतु निजामाच्या बाजूने लढायला रयत उभी राहिली नाही, हेही तितकेच खरे. राज्याचा सुमारे चाळीस टक्के प्रदेश जहागिरींत आणि निजामाच्या खासगी मालकीत अडकलेला. तेलंगणात शेतकरी जमिनीसाठी लढत होता, मराठवाड्यात स्वामी रामानंद तीर्थांच्या नेतृत्वाखाली लोक तुरुंगात जात होते. ज्याने रयतेवर कासीम रझवीचे रझाकार सोडले, त्या राज्यकर्त्याला आयात केलेली बंदूक कुठवर पुरणार?

या विजयाची दुसरी बाजूही आपण बोलली पाहिजे. फौजेने निजामाची सत्ता पाच दिवसांत मोडली. त्यानंतर निरपराध मुसलमान शेजाऱ्यांच्या कत्तली झाल्या. पंडित सुंदरलाल समितीने सर्वाधिक हानी झालेल्या चार जिल्ह्यांत आपल्या जिल्ह्याचे नाव नोंदवले आहे. रणगाडा सत्ता उलथू शकतो. माणसामाणसांतला विश्वास त्याला निर्माण करता येत नाही.

कोणी विचारील, मग समाजवाद्यांनी शस्त्रसज्जतेला विरोध करावा काय? मुळीच नाही. १९६२ साली अपुऱ्या साधनांनिशी हिमालयात धाडलेल्या जवानांचे हाल देश विसरलेला नाही. १९८६ साली स्वीडनकडून ४१० बोफोर्स तोफांचा करार झाला. त्याच तोफा १९९९ साली कारगिलमध्ये उपयोगी पडल्या. पण त्या व्यवहारातील दलालीच्या आरोपांनंतर जवळजवळ तीस वर्षे सैन्याला नवी अवजड तोफ मिळाली नाही. गुप्त व्यवहार तिजोरीला खड्डा पाडतो आणि सैन्यालाही निःशस्त्र करतो.

म्हणून आधुनिकीकरणाचा विचार करताना आपण तीन गोष्टींचा आग्रह धरला पाहिजे. खरेदीचा हिशेब संसदेपुढे यावा. परदेशी जाणारी तोफ कोणत्या सरकारच्या हाती पडणार आणि कोणावर रोखली जाणार, याची उघड चर्चा व्हावी. आणि तोफगोळे घडवणाऱ्या कामगाराचा आवाज दाबला जाऊ नये. १ ऑक्टोबर २०२१ रोजी आयुध निर्माणी मंडळ मोडून सात कंपन्या केल्या गेल्या. त्यांतील दारूगोळ्याची कंपनी पुण्यातच आहे. कामगारांचा विरोध होता, तेव्हा संपबंदीचा कायदा करून तो मोडण्यात आला. देशरक्षणासाठी राबणाऱ्यालाच देशद्रोही ठरवण्याची ही रीत लोकशाहीची नव्हे.

मित्रहो, ज्या राज्यात कसणाऱ्याला जमीन, राबणाऱ्याला मान आणि शेजाऱ्याला अभय आहे, त्याच राज्यासाठी लोक तोफेमागे ठामपणे उभे राहतात. असे राज्य घडवणे हेच संरक्षणाचे पहिले काम आहे, आणि ते आपल्याला गावागावांत करायचे आहे.