सचोटीचा प्रश्न आणि आपण

(सरकारी नोकरीच्या मुलाखतींची तयारी करणाऱ्या मुलींच्या शिबिरात केलेल्या भाषणाचे शब्दांकन.)



तुमच्यापैकी कुणी लोकसेवा आयोगाच्या मुलाखतीला बसणार आहे, कुणी संरक्षण अधिकारी तर कुणी मुख्यसेविका होऊ पाहते आहे. तुमची मूल्यं कोणती, दबाव आला तर काय कराल, हे प्रश्न कुठेही येऊ शकतात. केंद्रीय लोकसेवा आयोगाने २०१३ पासून नागरी सेवेच्या मुख्य परीक्षेत नीतिशास्त्र व सचोटीचा २५० गुणांचा पेपर ठेवला. मुलाखतीत जे गुण पारखतात, त्यांतही नैतिक सचोटी आहेच. त्यामुळे क्लासवाल्यांनी उत्तरंही शिजवून ठेवली आहेत : ‘मी प्रामाणिक आहे, पारदर्शक कारभार करीन, कोणत्याही दबावाला बळी पडणार नाही.’ सराव मुलाखती घेताना एकीपाठोपाठ एक मुलगी हेच म्हणते. वाक्य चांगलं आहे, पण ते म्हणणारी मुलगी कोण, हे त्यातून कळत नाही.

आधी एक इतिहास सांगते. सी. बी. मुथम्मा १९४९ मध्ये परराष्ट्र सेवेत दाखल झाल्या. त्या सेवेतल्या त्या पहिल्या स्त्री. पुढे १९६१ च्या नियमांत असं होतं की, स्त्री अधिकाऱ्याने लग्नाआधी सरकारची लेखी परवानगी घ्यायची; आणि संसारामुळे काम नीट होत नाही असं सरकारला वाटलं, तर राजीनामा द्यायचा. पुरुषांना अशी अट नव्हती. मुथम्मा सर्वोच्च न्यायालयात गेल्या आणि १९७९ मध्ये न्या. कृष्ण अय्यर यांनी या नियमावर कडक ताशेरे ओढले.

नियम गेला, पण ती नजर अजून पुरती गेलेली नाही. ‘लग्न झाल्यावर बदलीच्या गावी जाल का?’ असं तुम्हाला विचारतील. तेव्हा ओशाळू नका आणि भांडूही नका. बदली ही नोकरीची अट आहे, ती वाचूनच अर्ज केला आहे. घराची व्यवस्था घरातली माणसं मिळून करतील. एवढं उत्तर पुरे.

आता कामाचा प्रश्न घेऊ. समजा, तुम्ही संरक्षण अधिकारी आहात. एका बाईने नवऱ्याविरुद्ध तक्रार दिली आहे. नवरा गावातला पुढारी. वरून फोन येतो, ‘मिटवून टाका.’ इथे ‘दबावाला बळी पडणार नाही’ म्हणून भागत नाही. २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा कायदा तुमचं काम नेमून देतो : बाईला तिचे हक्क सांगायचे, कौटुंबिक घटना अहवाल तयार करून दंडाधिकाऱ्यांकडे पाठवायचा, गरज असेल तर दवाखाना आणि निवारा मिळवून द्यायचा. समुपदेशनाचा आदेश देण्याचा अधिकार दंडाधिकाऱ्यांचा आहे. त्यांनी सोपवलेलं काम सबळ कारणाशिवाय टाळलं, तर संरक्षण अधिकाऱ्यालाच एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. म्हणून सांगा, ‘फोनची नोंद करीन, सूचना लेखी मागीन आणि अहवाल पाठवीन.’ नियम माहीत असला की धीर येतो.

याहून अवघड जागा आपल्या घरात आहे. केंद्र सरकारी नोकरांच्या वर्तणूक नियमांत हुंडा घेणं, देणं, त्याला मदत करणं, तिन्हींना मनाई आहे. १९६१ च्या कायद्याने तर तो सगळ्यांसाठीच गुन्हा आहे. मुलाखतीत सचोटीवर बोलायचं आणि नोकरी लागल्यावर आपल्याच लग्नात वडिलांना ‘पोराकडच्यांच्या मनासारखं’ करू द्यायचं, हे कसं जमेल?

दुसरं, नोकरीसाठी पैसे. ‘अमुक एवढे ठेवा, काम होईल,’ असं सांगणारा मध्यस्थ भेटतो. वडील रान विकायला निघतात. मुलीच्या प्रेमापोटीच निघतात, हे मला कळतं. पण पैसे भरून मिळालेल्या खुर्चीवर बसणारी ते कुणाकडून वसूल करणार? पेन्शनच्या कागदासाठी आलेल्या विधवेकडूनच ना? २०१८ च्या दुरुस्तीनंतर भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात लाच देणाराही गुन्हेगार ठरतो. बळजबरीने द्यावी लागली असेल, तर सात दिवसांच्या आत तक्रार केल्यास त्याला संरक्षण आहे. राज्याच्या लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा नंबर १०६४, घरच्यांनाही पाठ करायला लावा.

तर तयारी कशी करायची? वहीत आपल्याच आयुष्यातले तीन प्रसंग लिहा, जिथे खरं वागणं महाग पडलं. बचत गटाचा हिशेब लिहिताना सख्ख्या मावशीचा थकलेला हप्ता थकलेलाच लिहिला असेल, तर ते उत्तर कुठल्याही थोर पुरुषाच्या वचनापेक्षा वजनदार आहे. मग मंडळातल्या बायकांसमोर बोलून दाखवा. त्यांना उलटे प्रश्न विचारू द्या. बायका फार नेमके विचारतात!

आणि संघटनांतल्या मैत्रिणींना एक सांगणं. या मुली निवडून आल्या की हार घालून मोकळ्या होऊ नका. आपली निवेदनं उद्या त्यांच्याच टेबलावर जातील. तेव्हा ओळखीची म्हणून नियमाबाहेरची सवलत मागायची नाही, आणि नियमातलं काम अडलं तर ओळखीची म्हणून गप्पही बसायचं नाही. त्यांच्या सचोटीची राखण आपल्यालाही करावी लागेल.