टोल कुणाचा माफ, बस कुणाची बंद?

(दुसरबीड येथे तरुणांच्या बैठकीत केलेलं भाषण)



मुस्लिम तरुणांची बैठक म्हटली की कब्रस्तान, शादीखाना, शिष्यवृत्ती हे विषय ठरलेले. आज मला टोल आणि एसटीबद्दल बोलायचंय. कुणी म्हणेल, हा आपला विषय कुठे? 2006 चा सच्चर समितीचा अहवाल काढून बघा. मुस्लिम वस्ती जास्त असलेल्या गावांना पक्का रस्ता आणि बस थांबा या सोयी नीट मिळालेल्या नाहीत, असं त्यात लिहिलंय. म्हणजे विषय आपलाच आहे, आपणच तो सोडून दिला.

समृद्धी महामार्ग आपल्या सिंदखेड राजा तालुक्यातून जातो. नागपूर ते मुंबई 701 किलोमीटर, शेवटचा टप्पा 5 जून 2025 ला खुला झाला. त्यावर दुचाकीला बंदी. गावात दारोदार उभी आहे ती दुचाकीच, म्हणजे आपल्यापैकी बहुतेकांसाठी तो रस्ता पुलाखालून बघायचा. आणि तो बांधताना काय झालं, ते इथे सांगायची गरज नाही. 20 ऑगस्ट 2021, तढेगाव फाटा. सळयांनी भरलेल्या टिप्परमधून मजूर नेत होते. टिप्पर उलटला, 13 जण गेले. महामार्ग बांधणाऱ्यांना कामावर न्यायला साधी बस नव्हती.

आता टोलकडे येऊ. मी सॉफ्टवेअरवाला, त्यामुळे आधी नोंद कशी होते ते बघतो. समृद्धीवर कुठून चढलात, कुठे उतरलात, यावर पैसे कापले जातात. 1 एप्रिल 2025 पासून कारला किलोमीटरमागे 2 रुपये 6 पैसे, बसला 6 रुपये 97 पैसे. फास्टॅगला गाडीचा वर्ग कळतो. आत माणसं किती, हे कळत नाही. एकटा माणूस घेऊन जाणारी कार ही एक गाडी, आणि चाळीस माणसं नेणारी बस हीसुद्धा एकच गाडी, वर तिला तिप्पट दर. बस जड असते, रस्ता जास्त झिजवते, हे मान्य. पण त्या चाळीस जणांनी कार काढल्या असत्या तर किती लागल्या असत्या, याचा हिशेब कुणी मांडत नाही.

टोलवरची आपली सगळी चर्चाही अशीच गाड्या मोजते. 2015 मध्ये राज्याने 12 नाके बंद केले, आणखी 53 नाक्यांवर कार आणि एसटीला सूट दिली. तिथे निदान एसटीचं नाव होतं. मग 14 ऑक्टोबर 2024 ला मुंबईच्या पाचही प्रवेशनाक्यांवर हलक्या वाहनांचा टोल माफ झाला. दुसऱ्याच दिवशी विधानसभेची निवडणूक जाहीर झाली. कारवाल्याचे एका वेळचे 45 रुपये वाचले. आणि 9 मे 2025 पासून त्याच मुंबईत बेस्टच्या साध्या बसचं किमान भाडं 5 वरून 10 रुपये झालं. आपल्या गावाकडची किती पोरं तिकडे कामाला आहेत! त्यातली कारने जाणारी किती, बसने किती, हे तुम्हीच सांगा.

माफी म्हणजे पैसे हवेत विरत नाहीत. कंत्राटदाराची भरपाई सरकारी तिजोरीतून होते, आणि त्या तिजोरीत साबण-तेल विकत घेणारी तुमची अम्मीही भर घालते. एसटीच्या तिकिटावर 17.5 टक्के प्रवासी कर आहे, तोही तिथेच जातो.

सगळे टोल बंद करा, असं मी म्हणत नाही. रस्त्याचं कर्ज कुणीतरी फेडायचंच आहे. माझं भांडण क्रमाचं आहे. सूट द्यायची तर पहिली बसला, आणि टोलमधला ठरावीक वाटा बसगाड्या घ्यायला. लंडनने 2003 मध्ये शहराच्या मध्यभागात येणाऱ्या गाड्यांवर शुल्क लावलं आणि ते पैसे वाहतुकीवरच खर्च करायचे, असं कायद्यातच घातलं. न्यूयॉर्कने जानेवारी 2025 पासून कारला 9 डॉलर लावले, ते मेट्रो आणि बससाठी. ज्या झोहरान ममदानींच्या रील्स तुम्ही एकमेकांना पाठवता, त्यांच्या प्रचारातलं एक मोठं वचन मोफत बसचं होतं. आपण रीलमध्ये त्यांचं नाव तेवढं बघतो.

सरकार एसटीसाठी काहीच करत नाही, असंही नाही. मार्च 2023 पासून बायकांना अर्धं तिकीट आहे, बारावीपर्यंतच्या मुलींना मोफत पास आहे. पण वेळेवर गाडीच नसेल तर पास दप्तरातच राहतो. मग काळीपिवळीत दाटीवाटीने बसायचं, नाहीतर घरचे म्हणतात, राहू दे शिक्षण. घराघरांत मुलींचं कॉलेज असंच सुटतं, आणि दोष मात्र सरसकट आपल्या समाजाच्या मानसिकतेला दिला जातो. मानसिकतेचा दोष आहेच, त्यावर आपण इथे भांडत आलोय. पण बस आली असती तर त्या बापाला कारण तरी उरलं नसतं.

काम दोन. एक, माहिती अधिकारात रस्ते विकास महामंडळाला विचारायचं: समृद्धीवर कार, ट्रक आणि बसकडून वेगवेगळा किती टोल जमला? फास्टॅगमुळे हे आकडे त्यांच्याकडे तयार असणारच. दोन, 15 ऑगस्टच्या ग्रामसभेत कॉलेजच्या वेळेच्या गाड्यांचा ठराव मांडायचा आणि तो मेहकर आगाराला द्यायचा. फक्त मोहल्ल्याच्या नावाने नको, सगळ्या गावाच्या सह्या घ्या. बस सगळ्यांचीच चुकते.

दोन्हींचे मसुदे टाइप करून मागच्या टेबलावर ठेवलेत. ठरावात गाड्यांच्या वेळा कोऱ्या सोडल्यात. त्या तुमच्या बहिणींना विचारून भरा.