रस्त्याचे ऋण कोणी फेडायचे?



ज्या रस्त्यांवरून आपण रोज जातो, त्यांचे मूल्य कोण देतो? मुख्यतः इंधन भरणारा! अटलजींच्या शासनाने १९९८ साली पेट्रोलवर आणि १९९९ साली डिझेलवर लिटरमागे एक रुपया उपकर बसवला. २००० च्या केंद्रीय मार्ग निधी अधिनियमाने त्याला वैधानिक अधिष्ठान दिले. महामार्ग आणि ग्रामसडका यांना त्या रुपयाने बळ पुरवले.

आज विजेवरील वाहने वाढत आहेत. आपल्या गरजेच्या ८५ टक्क्यांहून अधिक खनिज तेल आपण आयात करतो. म्हणून हे परिवर्तन राष्ट्रहिताचेच आहे. परंतु विजेवरील मोटार रस्ता वापरते, इंधनावरील उपकर मात्र तिला लागत नाही. उलट शेतकऱ्याचा ट्रॅक्टर शेतात नांगरणी करतो, तरी त्याच्या डिझेलवर तो लागतोच. यात न्याय कोठे आहे?

न्यूझीलंडमध्ये १९७८ पासून वेगळी व्यवस्था आहे. तेथे डिझेल वाहनाचा मालक हजार-हजार किलोमीटरचा परवाना आगाऊ विकत घेतो. शेतीत जळणाऱ्या डिझेलवर रस्त्याचा भार पडू नये, हा त्यामागील एक हेतू. जड मालमोटारीला वजनानुसार अधिक आकार पडतो, कारण रस्ता तीच अधिक झिजवते. १ एप्रिल २०२४ पासून विजेवरील मोटारीही या कक्षेत आल्या. अमेरिकेत १९१९ साली सर्वप्रथम इंधनकर बसवणाऱ्या ओरेगॉन राज्यानेच २०१५ मध्ये मैलागणिक आकारणी ऐच्छिक स्वरूपात सुरू केली.

आपणही या दिशेने विचार करावा. मात्र तीन पथ्ये पाळून. पहिले, नवा आकार उपकराच्या जागी यावा, त्याच्या जोडीला नव्हे. अन्यथा तो दुहेरी कर ठरेल. दुसरे, मोजणी वाहनातील अंतरमापकावरून व्हावी. नागरिक कोठे गेला, हे शासनाला कळण्याचे कारण नाही. किती अंतर गेला, एवढे पुरे. ओरेगॉनमध्येही उपग्रहाविना मोजणीचा पर्याय आहे. तिसरे, लहान गाड्यांना दर अल्प असावा. दूरच्या खेड्यातून दुचाकीने तालुक्याला येणारा भरडला जाऊ नये.

शेवटी प्रश्न आपल्या मध्यमवर्गीय मनाचा आहे. विजेवरील मोटार आज आपल्याच दारी येत आहे. तिच्यासाठी सवलत मागताना, आपल्या वाट्याचा भार दुचाकीवाल्याने आणि शेतकऱ्याने वाहावा, असे आपण म्हणणार आहोत का? समरसतेचा संकल्प सोडणाऱ्यांनी आपल्या वाट्याचे मोल स्वतःहून पुढे केले पाहिजे.