आधी श्वास, मग फोटो



आम्ही दोघी नणंद-भावजया. राहायला मोहने गावात, आंबिवली स्टेशनच्या बाजूला. थोरली शिवणकाम करते, धाकटी पोळीभाजीचे डबे देते. आज मात्र आम्ही शिवणाबद्दल बोलणार नाही आणि डब्यांबद्दलही नाही. समुद्रात बुडी मारून, भाड्यानं घेतलेल्या कॅमेऱ्यानं फोटो कसे काढायचे, ते सांगणार आहोत. हसू आलं असेल तर हसून घ्या. आमच्या घरचेही पोट धरून हसले होते.

पाण्याशी आमचं वाकडं का होतं, ते आधी सांगतो. २६ जुलै २००५ चा पाऊस आपल्यापैकी कुणीच विसरलेलं नाही. सांताक्रूझला त्या चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, आणि इकडे उल्हास नदी आमच्या चाळीत शिरली. माणसं वरच्या मजल्यावर गेली म्हणून वाचली. पाणी ओसरल्यावर आम्ही लोखंडी पेटी उघडली. साड्या धुता आल्या, भांडी घासता आली. पण फोटोंच्या अल्बमची पानं एकमेकांना चिकटून लगदा झाला होता. थोरलीची आई, म्हणजे धाकटीच्या सासूबाई, त्यांचा एकुलता एक चांगला फोटो त्यात होता. हलक्या हातानं सोडवायला गेलो, तर चेहराच समोरच्या पानाला चिकटून सुटून आला.

तेव्हापासून पाण्याचं नाव काढलं की पोटात गोळा यायचा. आम्ही पोहायला शिकलो नाही, मुलांनाही शिकू दिलं नाही. मग धाकटीची मुलगी कॉलेजच्या सहलीला मालवणला गेली. सगळ्या मैत्रिणी पाण्यात उतरल्या आणि ही होडीत बसून राहिली. घरी येऊन म्हणाली, "आई, आत्या, तुमची भीती तुम्ही मला दिलीत. आता मी ती कुणाला देऊ?" त्या रात्री आम्हाला दोघींना झोप लागली नाही.

त्याच हिवाळ्यात आम्ही आंबिवलीहून लोकलनं ठाणं आणि ठाण्याहून कोकण रेल्वेनं कुडाळ गाठलं. तिथून मालवण रस्त्यानं तासाभराचं. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपासच्या समुद्रात प्रवाळ आहेत, रंगीबेरंगी मासे आहेत. १९८७ साली हा भाग सागरी अभयारण्य म्हणून जाहीर झाला. दिवाळीनंतरचे महिने बुडीला चांगले. पावसाळ्यात हे सगळं बंद असतं.

पहिल्या वेळी पोहता येत नसलं तरी चालतं. एक प्रशिक्षक तुम्हाला धरूनच खाली नेतो. आधी एक अर्ज भरून घेतात. दमा, हृदयविकार, कानाचं दुखणं, फिट येणं, गरोदरपण, यातलं काही असेल तर लपवू नका. एवढा खर्च करून आलोय, आता कशाला सांगायचं, असा विचार आपण बायका हमखास करतो. तो इथे करू नका. डॉक्टरांना विचारूनच उतरा.

मग उथळ पाण्यात तालीम. तोंडात नळी, श्वास तोंडानंच घ्यायचा आणि तोंडानंच सोडायचा. खाली जाताना कानात दडे बसतात, तेव्हा नाक चिमटीत धरून हळूच हवा ढकलायची. दुखेपर्यंत थांबायचं नाही. आणि खुणा शिकवतात. तर्जनी आणि अंगठ्याचं गोल कडं म्हणजे "मी ठीक आहे". नुसता अंगठा वर म्हणजे "मला वर न्या".

ही खूण नीट पाठ करा, कारण आमची फजिती इथेच झाली. खाली गेल्यावर प्रशिक्षकानं त्याचा कॅमेरा थोरलीपुढे धरला. फोटो म्हटल्यावर तिनं सवयीनं अंगठा वर केला. त्यानं लगेच तिला सावकाश वर आणलं! पुन्हा कॅमेरा, पुन्हा अंगठा, पुन्हा वर. होडीत बसल्यावर धाकटी म्हणाली, "ताई, तुम्ही समुद्र बघायला आलात की लिफ्टमध्ये बसायला?"

त्या पहिल्या बुडीत आमच्या हातात कॅमेरा नव्हता, आणि तेच बरोबर आहे. पहिल्यांदा उतरताना कॅमेरा मागूच नका. श्वास, कान आणि शरीराचा तोल सांभाळता सांभाळताच माणसाच्या नाकीनऊ येतात. तुमचे फोटो प्रशिक्षक काढतो. पण घरी ते फोटो बघताना वाटलं, की यात आपण दिसतोय, आपल्याला काय दिसलं ते नाही. ते आपणच काढायला हवं.

त्यासाठी वर्ष गेलं. पहाटे डबे भरून झाले की तरणतलावावर जायचं, असं करत वयाच्या ४६ व्या आणि ३९ व्या वर्षी आम्ही पोहायला शिकलो. मग पुढच्या हिवाळ्यात स्कूबाचा पहिला रीतसर कोर्स केला. मालवणजवळ तारकर्लीला एमटीडीसीची स्कूबा प्रशिक्षण संस्था आहे, आणि खासगी शिक्षकही आहेत. या कोर्सला २०० मीटर पोहून दाखवावं लागतं आणि १० मिनिटं तरंगावं लागतं. तो झाला की १८ मीटर खोलीपर्यंत जोडीदाराबरोबर उतरता येतं. ज्यांना एवढं करायचं नसेल, त्यांनी लाइफ जॅकेट घालून, तोंडात नळी धरून वरूनच समुद्र पाहावा. कॅमेऱ्याचा सराव तिथेही छान होतो.

आता कॅमेऱ्याचं. विकत घेऊ नका, आधी भाड्यानं घ्या. पाण्यात न्यायचा छोटा कॅमेरा एका घट्ट प्लास्टिकच्या डबीत बसवलेला असतो. ही डबी किती मीटरपर्यंत चालते ते विचारा. मोबाइल प्लास्टिकच्या पिशवीत घालून बुडी मारायला जाऊ नका. दाबानं ती पिशवी दगा देते, आणि पाण्यात फोनच्या काचेला बोट कळत नाही.

ताब्यात घेतानाच डबीचे चारही बाजूंनी मोबाइलवर फोटो काढून ठेवा. आम्ही परत करताना दुकानदारानं काचेवरचा ओरखडा दाखवला. आम्ही सकाळचा फोटो दाखवला, ओरखडा त्यातही होता. ५००० रुपयांची अनामत मुकाट्यानं परत मिळाली. मेमरी कार्ड आपलं न्या, आणि बॅटरी पूर्ण भरली आहे का, ते बघा.

डबीच्या तोंडाशी एक रबरी रिंग असते. कुकरच्या रिंगचं जे काम, तेच हिचं. कुकरच्या रिंगला भाताचं शीत चिकटलं की वाफ जाते ना, तसंच इथे एक केस किंवा वाळूचा कण राहिला की आत पाणी. बोट फिरवून, उजेडात धरून रिंग तपासा. मग कॅमेरा न घालता, आत कोरडा कागदी रुमाल ठेवून डबी बंद करा आणि बादलीत बुडवा. रुमाल कोरडा निघाला, तरच कॅमेरा आत जाईल. डबी होडीतल्या उन्हात किंवा दमट हवेत बंद करू नका, खाली थंड पाण्यात काचेवर आतून वाफ धरते. औषधांच्या बाटलीत ओल शोषणारी छोटी पुडी असते, तशी एक आत ठेवली की बरं. आणि कॅमेऱ्याची दोरी जॅकेटला अडकवा, नुसती हातात धरू नका.

आता पाण्याखालचं. पाण्यात रंग नाहीसे होतात, आणि सगळ्यात आधी जातो लाल. पाच-सहा मीटरवर तो बराचसा गेलेला असतो. धाकटीनं हौसेनं लाल नेलपॉलिश लावलं होतं, खाली ते काळपट दिसायला लागलं. कॅमेऱ्यालाही तसंच दिसतं. म्हणून फोटो निळे-हिरवे येतात, आणि नवख्या माणसाला वाटतं की कॅमेरा खराब आहे. उपाय एकच, जवळ जा. तुमच्यात आणि माशात पाणी जितकं कमी, तितका रंग जास्त. त्यातही एक गंमत आहे. पाण्यात वस्तू आहे त्यापेक्षा जवळ आणि मोठी दिसते. एक मीटरवरचा मासा पाऊण मीटरवर वाटतो. म्हणजे पुरेसं जवळ आलो असं वाटलं, की अजून थोडं जवळ जायचं.

फ्लॅश बंद ठेवा. मालवणच्या पाण्यात बारीक कण तरंगत असतात. धुक्यात गाडीचे मोठे दिवे लावले की समोर पांढरं पांढरं होतं, तसा तो फोटो येतो. दहा ते दोनच्या दरम्यान ऊन डोक्यावर असतं, तेव्हाचा उजेड पुरतो. वरून खाली फोटो काढला तर मासा दगडात हरवतो. त्याच्या बरोबरीला या, किंवा थोडं खालून वर बघा. आणि माशाच्या मागे धावू नका, तो तुमच्यापेक्षा चांगला पोहतो! एका जागी शांत राहिलात तर तोच कुतूहलानं जवळ येतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं. आपण सुईत दोरा ओवताना काय करतो? श्वास रोखतो. हात स्थिर राहावा म्हणून. धाकटीनं तेच केलं. सुमारे आठ मीटर खोलीवर एक फुलपाखरू मासा तिच्यासमोर आला. तिनं छाती भरून श्वास घेतला, रोखला, आणि कॅमेऱ्यात बघत राहिली. भरलेली छाती म्हणजे फुगा. ती नकळत वर जायला लागली. मासा लांब जातोय असं तिला वाटत होतं, आणि जात होती ती स्वतःच.

हे किती धोक्याचं आहे, ते समजून घ्या. १० मीटरवर दाब जमिनीवरच्या दुप्पट असतो. तिथे भरलेली हवा कोंडून वर आलात, तर ती फुगून दुप्पट जागा मागते. फुप्फुसाला इजा होते, जिवावर बेतू शकतं. म्हणून स्कूबाचा पहिला नियम हाच आहे की श्वास कधीच रोखायचा नाही. थोरलीनं खालून बुडबुडे बंद झालेले पाहिले. तिनं धाकटीचा पाय धरला, समोर आली, आणि हात छातीवर ठेवून श्वास सोडायची खूण केली. बुडबुड्यांचा लोट सुटला, तेव्हा कुठे आमच्या दोघींच्या जिवात जीव आला. मासा गेला होता. फोटोत नुसतं निळं पाणी आलं.

त्या दिवशी आम्ही एक रीत ठरवली, ती तुम्हीही पाळा. दोघींत कॅमेरा एकच. एकीच्या हातात कॅमेरा, दुसरीचं लक्ष तिच्या बुडबुड्यांवर आणि हवेच्या काट्यावर. सिलिंडरमध्ये सुरुवातीला साधारण २०० बार हवा असते. ५० बार उरले की आपण वर पोचलेलं असायला हवं, म्हणून निघायचं त्याआधीच. समोर देवमासा आला तरी! फोटो काढायचा तो सावकाश श्वास सोडता सोडता. हात त्यानंही स्थिर राहतो.

आणखी एक. प्रवाळ म्हणजे दगड नव्हे, तो बारीक जिवांचा संसार आहे. अतिशय हळू वाढतो. वन्यजीव संरक्षण कायद्यानं त्याला संरक्षण दिलं आहे. फोटोसाठी त्यावर हात टेकू नका, उभ्या राहू नका, पायातल्या पंखांचा फटका बसू देऊ नका. मासे जवळ यावेत म्हणून कुणी बिस्किटं टाकत असेल तर नको म्हणा. वर आल्यावर कॅमेरा डबीसकट गोड्या पाण्यात बुडवून ठेवा, नीट पुसा, मगच उघडा. परत करण्याआधी फोटो उतरवून घ्या.

आम्ही त्या दोन दिवसांत १४० फोटो काढले. बरेचसे निळे, हललेले, काहींत फक्त माशाची शेपटी. ९ जरा बरे होते. मनासारखा एकच. तो धाकटीनं थोरलीचा काढलेला. खालून वर, पाठीमागे उन्हाची तिरीप, आणि तोंडातून निघालेले बुडबुडे. मास्कमुळे चेहरा नीट दिसत नाही. पण ही बाई घाबरलेली नाही, एवढं स्पष्ट दिसतं.

सासूबाईंचा फोटो काही परत मिळाला नाही. पण हा आम्ही छापून घेतला, फ्रेम केला आणि भिंतीवर लावला, जरा उंचच. एवढ्या उंच का, ते मोहन्यात कुणी विचारत नाही. आणि धाकटीची लेक आता पोहायला शिकते आहे. पुढच्या हिवाळ्यात तिसरी जोडीदार येणार, तेव्हा कॅमेरा कुणी धरायचा यावर घरात आत्तापासून वाद सुरू झाला आहे.

मैत्रिणींनो, मालवणला जाणं जमेल तेव्हा जमेल. पण तुम्ही पोहायला शिका, आणि मुलींनाही शिकवा. बाकीचं मागून येईल.