मैदान मागताना हात पसरू नका

(जिल्हा मेळाव्यात नेसरी, ता. गडहिंग्लज, जि. कोल्हापूर येथील कार्यकर्त्याने केलेले भाषण)



नेसरीहून इतक्या लांब आलेला माणूस कापसाच्या भावावर बोलणार, अशी तुमची समजूत असेल. भावावर माझ्याहून चांगले बोलणारे या मंडपात बसले आहेत. मी बोलणार आहे शाळेच्या मैदानावर. हसू नका. ज्यांना तुम्ही ज्वारी म्हणता आणि आम्ही जोंधळा म्हणतो, ती भाकरी खाऊन वाढणाऱ्या पोरांचा हा प्रश्न आहे.

आमच्या नेसरीच्या खिंडीत २४ फेब्रुवारी १६७४ ला प्रतापराव गुजर आणि त्यांचे सहा साथीदार पडले. तिथे स्मारक आहे, पाहुणे येतात, भाषणे होतात. आणि पोलीस भरतीची, सैन्य भरतीची तयारी करणारी आजची पोरे पळतात कुठे? पहाटेच्या अंधारात, डांबरी रस्त्याच्या कडेने, ट्रकचे दिवे चुकवत. तुमच्याकडे वेगळे आहे का? नाही ना.

आमचा जिल्हा कुस्तीचा. शाहू महाराजांनी १९१२ साली खासबागेचे मैदान बांधले, तेव्हा ते संस्थानच्या खजिन्याचे काम मानले गेले. पुढे स्वराज्य आले. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९५२ साली हेलसिंकीला निघाले, तर पैशासाठी दारोदार वर्गणी करावी लागली. राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवून सात हजार रुपये दिले. खाशाबांनी कांस्यपदक आणले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक पदक. त्यानंतर आमच्याच जिल्ह्यातल्या राधानगरी तालुक्याच्या कांबळवाडीचा स्वप्निल कुसाळे २०२४ ला पॅरिसला नेमबाजीत कांस्यपदक जिंकला. मध्ये ७२ वर्षे गेली. पदक जिंकताच सरकारने एक कोटी जाहीर केले. द्यावेत, जरूर द्यावेत. पण पीक हाती आल्यावर बक्षीस आणि पेरणीला दमडी नाही, ही रीत आपल्या ओळखीची आहे.

तुमच्या कोरडवाहू मुलखाचे सांगतो. आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे शाळेला सहा किलोमीटर जाता-येता पळायला शिकला आणि २०२३ च्या आशियाई स्पर्धेत त्याने तीन हजार मीटर स्टीपलचेसचे सुवर्ण आणले. धाराशिवच्या सारिका काळेला खो-खोसाठी २०२० चा अर्जुन पुरस्कार मिळाला. खो-खोला काय लागते? दोन खांब आणि सपाट जमीन. तेवढीही नाही म्हणून किती सारिका घरी बसल्या, ते मोजणार कोण?

आता पैशाचे. शेतसाऱ्याची पावती काढून बघा. साऱ्याच्या शेजारी जि.प. आणि ग्रा.पं. असे दोन रकाने आहेत. तो उपकर आहे, तुम्ही भरलेला. जिल्हा परिषदेचा सेस फंड म्हणतात, त्यात हा पैसा येतो. म्हणून मी म्हणतो, सभापतीकडे मैदान मागायला हात जोडून जाऊ नका. भीक नको, आपल्या घामातले आपल्याला परत हवे.

कायदाही ऐका. १९९२ च्या घटनादुरुस्त्यांनी पंचायतींना २९ विषयांची यादी दिली आणि नगरपालिकांना वेगळी दिली. शहरांच्या यादीत उद्याने, बागा, क्रीडांगणे असे स्पष्ट लिहिले आहे. खेड्यांच्या यादीत क्रीडांगण हा शब्दच नाही! इंडियाच्या पोराने खेळावे, भारताच्या पोराने ढेकळे फोडावीत, असेच त्यांच्या मनात असावे. तरी आपल्या राज्याच्या १९५८ च्या ग्रामपंचायत कायद्यात शाळांना साहित्य आणि क्रीडांगण पुरवणे हे पंचायतीच्या कामांत धरलेले आहे. शिक्षण हक्काच्या २००९ च्या कायद्यातही शाळेला मैदान हवे असे लिहिले आहे. ग्रामसेवक 'बसत नाही' म्हणाला तर हे त्याच्यासमोर ठेवा.

तालुका क्रीडा संकुलाची अनुदान मर्यादा २०२२ साली एक कोटीवरून पाच कोटी झाली. चांगले झाले. पण वीस किलोमीटरवरच्या संकुलात आपली पोरगी शाळा सुटल्यावर कोणत्या एसटीने जाणार? तिला मैदान गावातच हवे. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या पाच वर्षांत पंचायतींना जो पैसा दिला, त्यातला ६० टक्के पाणी-स्वच्छतेला बांधलेला होता, ४० टक्के मोकळा. त्या मोकळ्या पैशाचे गावोगाव काय झाले? गावात शिरताना कमान, चावडीपुढे पेव्हर ब्लॉक आणि शाळेमागे बाभळी. ब्लॉकमध्ये ठेकेदाराला गोडी असते, मैदानात नसते.

आणि मैदानाचे काम निघालेच तर ते कसे होते तेही बघा. आमच्या भागातल्या एका गावात, नाव घेत नाही, मार्चअखेरीस मुरमाच्या ट्रॉल्या ओतल्या, फोटो काढला, बिल निघाले. पाणी नाही, रोलर नाही. पहिल्या वळवाने मुरूम ओढ्यात. तुमची तर काळी माती. पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, भेगेत पाय गेला की घोटा गेला. तिला नुसते सपाट करून भागत नाही. आधी उतार, कडेने चर, मग मुरमाचा थर, पाणी मारून रोलर, पुन्हा थर. कबड्डीच्या जागी वर मऊ माती चाळून. तुम्ही बांधबंदिस्ती केलेली माणसे, तुम्हाला इंजिनिअरने शिकवायला नको. बिल निघण्याआधी मोजमाप वही दाखवा म्हणा. नाही दाखवली तर २००५ चा माहिती अधिकार आहे, दहा रुपयांचा अर्ज.

अनुदान मागण्याआधी मैदानाचा सातबारा काढा. कितीतरी ठिकाणी शाळा शाळेची आणि पटांगण भलत्याच्याच नावावर असते. मग अनुदानही नाही आणि पुढे पटांगणही नाही.

मायबहिणींनो, ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यावी लागते. ती बहुतेक ठिकाणी कागदावर होते, सह्या घरी येतात. या वेळी सह्या घरी देऊ नका. सभेला जा आणि पहिला ठराव मुलींच्या मैदानाचा मांडा. येत्या ग्रामसभेला साऱ्याची पावती खिशात आणि सातबारा हातात घेऊन पुरुषमंडळींनी मागून यावे. ठरावाची नक्कल त्याच दिवशी मागा, दुसऱ्या दिवशी वही सापडत नाही.