खोली मिळाली का?

माझी ताई जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत शिक्षणसेवक म्हणून लागली. घरातली पहिली सरकारी नोकरी. गावात खोली शोधायला गेली, तर प्रत्येक दारात आधी आडनाव विचारलं, मग ‘खोली दिली गेलीय’. शेवटी रोज 40 किलोमीटर एसटीने जायचं. बस चुकली की बोलणी खायची. उलट बोलायची सोय नाही. 3 वर्षं शिक्षणसेवक, मानधन तेव्हा 6,000 (2023 पासून 16,000 झालं), कायम होईपर्यंत कुणाला दुखवायचं नाही.

शिक्षकांच्या तणावाची चर्चा अशैक्षणिक कामांवर होते. ते खरंच आहे. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याचं कलम 27 जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका एवढ्यालाच मुभा देतं, तरी ऑनलाइन माहिती भरणं संपत नाही. पण ताईच्या तणावाची खूण ‘प्रवास’ या रकान्यात पडते. प्रवास का करावा लागतो, हा प्रश्नच नसतो. आणि उपाय काय, तर प्राणायामाचं शिबिर!

माझी पहिली प्रश्नावलीही तशीच होती. ताईने ती वाचली आणि म्हणाली, “खोली मिळाली का, हे कुठंय?” आता मी तिथूनच सुरुवात करतो. तुमच्यात कुणी शिक्षक असतील तर जेवणाच्या सुट्टीत भेटा.