मान पुढं का येते?

धनजच्या बसथांब्यावर बघा, सगळ्यांच्या माना पुढं. दोष मोबाईलचा, हे खरंच. पण प्रत्येक वेळी तोच नसतो बाप्पा!

खालचा जबडा मागं असला की जीभही मागं जाते, घशातली श्वासाची वाट अरुंद होते. मग शरीर नकळत मान पुढं काढून ती वाट मोकळी करतं. बेशुद्ध माणसाची हनुवटी उचलतात ना, जवळपास तसंच. म्हणून पोराला ‘ताठ बस’ म्हणण्याआधी बघा, तो रात्री घोरतो का? श्वास अडकतो का? तसं असेल तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा. जबड्यासाठी नागपूरचं शासकीय दंत महाविद्यालय आहे. वाढीच्या वयात गेलेलं बरं. आणि रीलवालं ‘म्यूइंग’? जीभ टाळूला लावून जबडा बदलतो, याला ठोस पुरावा नाही.